नाचाची जागा आणि गावाची अब्रू

मळवली स्टेशनावर उतरून भाज्याची लेणी पाहावयास आपणांपैकी बहुतेक जण केव्हा ना केव्हा गेलेले असतील. चैत्यगृह पाहून झाले की पुष्कळ मंडळी तेथूनच माघारी वळतात. थोडे पुढे असलेल्या विहारापर्यंत जाण्याचे श्रम घेत नाहीत. या विहाराच्या ओसरीत हत्तीवर आरूढ झालेल्या एका भव्य पुरुषाचे शिल्प आहे. अभ्यासक त्याला बहुधा इंद्र म्हणतात. त्या शिल्पपटात खालच्या बाजूस एक लहानसा प्रसंग कोरलेला आहे. एक स्त्री वाद्य वाजवीत आहे, दुसरी नाचत आहे, आणि कोणी थोर पुरुष बसून ते पाहत आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले हे काम. म्हणजे मावळातील नाचाचा लेखी नव्हे पण दगडी पुरावा दोन हजार वर्षांहून जुना आहे.

याच लेण्यात जवळ काही लहान स्तूप आहेत आणि त्यांवर दिवंगत स्थविरांची नावे कोरलेली आहेत. पलीकडे कार्ल्याच्या चैत्यात खांबाखांबावर दान देणाऱ्यांची नावे आहेत. धेनुकाकट गावचे व्यापारी, यवन, सगळे तेथे नावानिशी हजर आहेत. भाज्याच्या त्या नाचणारीचे नाव मात्र कोठेही नाही. ही गोष्ट आम्ही सहज सांगत नाही. आजच्या सगळ्या विवेचनाचे बीज तीत आहे.

सार्वजनिक नृत्यगृह हा विषय काढला की आपल्याकडे दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक साहेबाच्या बॉलचे आणि दुसरे वर्तमानपत्रातल्या पोलिसी धाडीचे. पहिले आपले नव्हे म्हणून आणि दुसरे आपल्याला शोभत नाही म्हणून, असे दोन्हीकडून हात झटकून आपण मोकळे होतो. पण समाज कोठे बसून जेवतो, कोठे भजन करतो, कोठे पंचायत भरवितो, हे जर इतिहासाचे विषय असतील, तर तो कोठे नाचतो आणि कोठे बसून नाच पाहतो, हाही इतिहासाचा विषय आहे. आम्ही आज प्रत्येक जागेला तीनच प्रश्न विचारणार आहोत. येथे नाचते कोण? बघते कोण? आणि बोल लागतो तो कोणाला?

पहिली जागा अशी की जिला छप्पर नाही आणि दारही नाही. मावळात भात लावून झाले आणि श्रावण लागला की नागपंचमी, मंगळागौर, पुढे भाद्रपदात गौरी, असे एकामागून एक दिवस येतात आणि अंगणात झिम्मा-फुगडीचे फेर सुरू होतात. पाठोपाठ गणपतीत आणि यात्रेत पोरांची लेझीम आणि ढोल असतात. डोंगरकडेच्या वाड्यांवर ठाकरांचे आणि कातकऱ्यांचे नाच सुगीनंतर आणि सणावारी होत असतात. आणि चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा भरली म्हणजे मुंबई, ठाणे, रायगड या बाजूंचे कोळी आणि आगरी बांधव पालख्या घेऊन येतात. त्यांचे तर पायऱ्या चढणेसुद्धा नाचत नाचत चालते. सासू नाचते, सून नाचते, डोक्यावर नातू घेतलेला आजोबाही नाचतो. चैत्र शुद्ध सप्तमीच्या पालखीची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

या जागेत नाचणारा आणि बघणारा यांत भेद नाही. आत्ता कडेला उभी असलेली बाई पुढच्या फेरात असेल. तिकीट नाही, बैठक नाही, पहिली रांग नाही. म्हणून बोल लागण्याचाही प्रश्न नाही. एकवीरेच्या पायरीवर नाचली म्हणून कोणा कोळणीची सोयरीक मोडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मात्र एक मर्यादा येथेही सांगून ठेवली पाहिजे. फेर ज्याच्या त्याच्या जातीचा आणि ज्याच्या त्याच्या वाडीचा असे. गावाचा एक फेर असा क्वचितच असे. बायकांचा फेर बायकांत आणि पुरुषांची लेझीम पुरुषांत, हीही रीत पक्की होती.

दुसरी जागा लोणावळ्यात आली ती आगगाडीतून. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला; बोरघाटाचा बिकट टप्पा पुरा होऊन १८६३ साली मुंबई-पुणे गाडी सलग धावू लागली. घाट चढविण्यासाठी जादा इंजिने लागत. त्यांची देखभाल करावयास लोणावळ्यास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मोठे ठाणे झाले. इंजिनांची शाळ, कामगारांची घरे, रेल्वेची शाळा, प्रॉटेस्टंट व रोमन कॅथॉलिक प्रार्थनामंदिरे, फ्रीमेसनांचे लॉज अशी एक नवी वस्ती उभी राहिली आणि १८७७ साली नगरपालिकाही आली. या वस्तीत युरोपियन होते, गोव्याचे ख्रिस्ती होते, आणि ज्यांना पुढे अँग्लो-इंडियन हे नाव रूढ झाले ते इंजिन-ड्रायव्हर, गार्ड व फोरमन यांचे लोक मोठ्या संख्येने होते.

रेल्वेच्या अशा ठाण्यांवर कामगारांच्या करमणुकीसाठी 'इन्स्टिट्यूट' नावाची संस्था असे. एक मोठा दिवाणखाना, एका टोकास रंगमंच, बाजूला बिलियर्डचे टेबल आणि वाचनालय, असा तिचा सर्वसाधारण थाट. शनिवारी रात्री, नाताळात, नववर्षाच्या आदल्या रात्री दिवाणखान्यातील खुर्च्या भिंतीला लावीत, लाकडी जमिनीवर पाय सफाईने सरकावे म्हणून पूड टाकीत, आणि वॉल्ट्झ व फॉक्सट्रॉट यांचे नाच चालत. वाजविणारे पुष्कळदा गोव्याचे असत. चर्चमधील शाळांत त्यांनी सुरांची लिपी आणि व्हायोलिन यांचे शिक्षण घेतलेले असे.

या दिवाणखान्यात आम्हांला विशेष वाटते ते तेथील आयांचे स्थान. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर त्या बसलेल्या असत आणि आपली मुलगी कोणाबरोबर किती वेळा नाचली याची मोजदाद त्यांच्याजवळ पक्की असे. गार्डची मुलगी फायरमनच्या मुलाबरोबर नाचली तर दुसऱ्या दिवशी वस्तीत चर्चा होई. पण ती होई लग्नाची. अब्रूचा प्रश्न तीत नसे. लग्ने येथेच जुळत, भांडणे येथेच मिटत, निवृत्त झालेल्या ड्रायव्हरचा निरोपसमारंभही येथेच होई. आपल्याकडे जे काम देवळाच्या सभामंडपाने केले, त्यातील बरेचसे या वस्तीपुरते इन्स्टिट्यूटच्या दिवाणखान्याने केले.

येथे कोणी म्हणेल की त्यांची संस्कृतीच निराळी. हा खुलासा आम्हांला पुरेसा वाटत नाही. खुद्द इंग्लंडात १८१६ साली राजपुत्राच्या मेजवानीत वॉल्ट्झ नाचला गेला तेव्हा लंडनच्या 'टाइम्स'ने त्यावर कडक टीका केली होती. स्त्रीपुरुषांनी एकमेकांना इतके जवळ धरून नाचणे त्या पत्राला निर्लज्जपणाचे वाटले. पुढे शंभर वर्षांनी, १९१९ साली, लंडनच्या हॅमरस्मिथ भागात मोठे सार्वजनिक नृत्यगृह उघडले तेव्हा दुकानातल्या आणि कारखान्यातल्या मुली तिकीट काढून तेथे जाऊ लागल्या होत्या. नाचाच्या पावलात लाज किंवा प्रतिष्ठा जन्मजात नसते. नाचणाऱ्याच्या शेजारी त्याचे घरचे लोक बसू लागले की प्रतिष्ठा येते.

परंतु या दिवाणखान्याला दार होते आणि त्या दाराशी रंग पाहिला जाई. अनेक ठाण्यांवर युरोपियन व अँग्लो-इंडियनांची संस्था निराळी आणि हिंदी नोकरांची निराळी असे. इंजिनात कोळसा घालणाऱ्या मावळी गड्याला आतल्या वाद्यांचा आवाज ऐकू येई. आत जाण्याची मुभा त्याला नसे. १९२९ साली कल्याण-पुणे मार्गावर विजेची गाडी आली आणि घाटातील वाफेच्या इंजिनांचे राज्य ओसरू लागले. १९४७ नंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने इंग्लंड व ऑस्ट्रेलियाकडे गेली. ज्या समाजाचा तो दिवाणखाना होता तोच पांगला, आणि इतरांना तो कधी आपला वाटलाच नव्हता. दार अरुंद ठेवलेली संस्था आपल्या माणसांबरोबरच संपते, एवढा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

ज्या आगगाडीने लोणावळ्यास बॉलचा दिवाणखाना आणला त्याच आगगाडीने मावळचा माणूस मुंबईस नेला. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील माणसे मुंबईत गिरणीत, गोदीत, आणि डबे पोहोचविण्याच्या धंद्यात शिरली. माणूस गेला तशी त्याच्या पाठोपाठ त्याची करमणूकही घाट उतरून गेली. ती करमणूक म्हणजे तमाशा. ही आमची तिसरी जागा, आणि येथेच विषयाचा खरा गाभा आहे.

पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजी बाळा, रामजोशी, अनंत फंदी, सगनभाऊ, प्रभाकर अशी शाहिरांची मोठी परंपरा झाली. त्या काळी फडात नाचे तो बहुधा स्त्रीवेष घेतलेला पोऱ्या, म्हणजे नाच्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रिया तमाशाच्या बोर्डावर येऊ लागल्या. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी ब्राह्मण्य सोडून तमाशाचा फड धरला आणि ते पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या फडातील पवळा ही दलित समाजातील स्त्री महाराष्ट्रभर गाजली. मुंबईच्या गिरणगावात तिचे नाव काढले की थिएटरे भरून जात.

तमाशाचे दोन घाट झाले, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे. ढोलकी फडात गण, गौळण, बतावणी आणि वग असतो. पुरुष-स्त्रिया दोघेही असतात. फड कनात आणि तंबू घेऊन यात्रेयात्रेला फिरतो. दुसरा घाट सांगीत बारीचा. हिच्यात मुख्यतः स्त्रियांची लावणी असते आणि तिला कायमचे थिएटर लागते. पुण्याच्या गणेश पेठेतील आर्यभूषण, मुंबईत लालबागचे हनुमान थिएटर, ही नावे या संदर्भात प्रसिद्ध आहेत. पुणे-सोलापूर रस्त्यावरील चौफुल्याची कला केंद्रे अलीकडच्या काळातली. थिएटरच्या आवारातच पार्ट्यांना राहावयास खोल्या असतात. एका रात्रीत अनेक पार्ट्यांच्या पाळ्या लागतात; पाळी म्हणजेच बारी. तिकिटाच्या उत्पन्नातील काही हिस्सा थिएटरच्या मालकाचा, उरलेल्यातून पार्टीची मालकीण, ढोलकीवाला, पेटीवाला आणि नाचणाऱ्या यांची वाटणी. शिवाय प्रेक्षकांकडून मिळणारी दौलतजादा, आणि बारीनंतर मागणीवरून होणारी खाजगी बैठक. कितीएक पार्ट्यांची खरी मिळकत या शेवटच्या दोन बाबींवर असे.

सांगीत बारीतील पुष्कळ स्त्रिया कोल्हाटी समाजातल्या. जी मुलगी पायांत घुंगरू बांधील तिचे लग्न होत नसे. तिच्या मिळकतीवर आईबाप पोसले जात, भावांचे संसार उभे राहत. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे १९९४ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांना या व्यवस्थेची आतली बाजू ठाऊक आहे. बाहेरून पाहणाऱ्याला नाचणारी दिसते. तिच्या पायांवर किती चुली पेटतात ते थिएटरच्या खुर्चीवरून दिसत नाही.

आता आमचे तीन प्रश्न येथे लावून पाहू. नाचते कोण? ठराविक जातींच्या स्त्रिया. बघते कोण? सगळ्या जातींचे पुरुष. बोल कोणाला? नाचणारीला. पाटील पुढच्या रांगेत बसून आला तरी सकाळी पाटीलच असतो. दुकानदार आला तरी दुकान उघडून बसतो. थिएटरचा मालक गणेशोत्सवाला सढळ हाताने वर्गणी देतो आणि ती सन्मानाने घेतली जाते. रात्रीच्या सगळ्या व्यवहाराची नामुष्की एकट्या नाचणारीच्या खाती जमा होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची एक हकीकत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. महाडच्या चळवळीच्या काळात पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देणगी म्हणून देऊ केले, ते बाबासाहेबांनी नाकारले. आमच्या समाजाच्या बायका नाचवून मिळविलेला पैसा आम्हांला नको, असा त्या नकाराचा आशय होता. येथे नीट विचार केला पाहिजे. हा नकार कलेच्या द्वेषातून आलेला नव्हता. एका समाजाने नाचावे आणि बाकीच्यांनी पाहावे, या वाटणीलाच तो नकार होता. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्या वाटणीतून जी स्त्री उभी राहिली तिने आपल्या मेहनतीने कला कमावली. तिच्या कलेचा मान राखणे आणि तिला तेथे ढकलणाऱ्या व्यवस्थेला नकार देणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावयाची आहेत, आणि तेच आपल्या समाजाला आजवर जमलेले नाही.

सरकारलाही ते जमले नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कलावंतांच्या पोटावर पाय आला तेव्हा दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पुढे संहिता व लावण्या तपासून घेण्याच्या अटीवर खेळ सुरू झाले. अश्लीलता काढावी हा हेतू चांगला होता असे आपण धरू. परंतु कात्री चालली ती शब्दांवर. नाचणारीला दिवसाकाठी काय मिळते, आजारपणात तिचे कोण पाहते, तिच्या मुलाला शाळेत बापाचे नाव विचारले तर त्याने काय सांगावे, हे प्रश्न शब्द तपासून सुटणारे नव्हते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे चरित्र येथे डोळ्यांपुढे आणावे. १९३५ साली पंढरपुरास जन्मलेली ही बाई ढोलकी फडाची सम्राज्ञी झाली. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती. वेणा सुरू झाल्या तेव्हा कनातीमागे जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर गेली, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी तिने सरहद्दीवरील जवानांपुढे खेळ केले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला. आणि २००२ साली ती गेली तेव्हा तिच्या अखेरच्या दिवसांतील आर्थिक ओढाताणीच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचल्या. पुढे तिच्या नावाने राज्य सरकारने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. मान देण्यात आपण कमी पडत नाही. तो वेळेवर आणि पोटापाण्यासकट देण्यात कमी पडतो.

तमाशाचे आणि आपल्या मावळाचे नाते आजही तुटलेले नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी तेथे जाऊन यात्रेसाठी तमाशा ठरवितात आणि सुपारी देतात. वडगावचा पोटोबा, तळेगावचा डोळसनाथ अशी आपली ग्रामदैवते. चैत्र-वैशाखात गावोगाव उरूस-यात्रा भरतात. मुंबईचे डबेवाले त्या दिवसांत सुट्टी काढून गावी येतात. वर्गणी निघते, छबिना निघतो, कुस्त्यांचा आखाडा होतो आणि रात्री करमणूक असते. तिचा खर्च सगळ्या गावाच्या वर्गणीतून होतो. म्हणजे हा नाच गावाचा असतो. गावाने ठरविलेला, गावाने पैसे मोजलेला, गावच्या देवाच्या नावाने केलेला. तरीही सकाळी तंबू उतरला की नाचणाऱ्या तेवढ्या परक्या होतात.

तमाशाकडून चौथ्या जागेकडे वळण्यापूर्वी एका आडवाटेचा उल्लेख करावयास हवा. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून १९३० नंतरच्या काळात पाश्चात्त्य नाचाची वाद्यवृंदे जोरात होती. ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील नामांकित कृष्णवर्णीय वादकही येऊन वाजवून गेले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर या रात्री मंदावल्या आणि गोव्याचे वादक बोलपटांच्या वाद्यवृंदात अधिकाधिक दिसू लागले. १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटात सी. रामचंद्रांच्या संगीतामागे अशी माणसे होती आणि पडद्यावर होते गिरणगावाशी नाते सांगणारे मास्टर भगवान. साहेबाच्या दिवाणखान्यातला ठेका असा भगवानदादांच्या सोप्या पावलांतून वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत उतरला. ज्याला इन्स्टिट्यूटच्या दाराशी थांबविले होते त्या माणसाने तो ठेका रस्त्यावर आपलासा केला. आजही लोणावळ्याच्या बाजारपेठेतून मिरवणूक निघते तेव्हा पोरांच्या पायांत तो असतो, आणि तेथे कोणाला बोल लागत नाही.

चौथी जागा म्हणजे नृत्याचा बार. १९८० नंतरच्या दोन दशकांत मुंबईत आणि तिच्या भोवतालच्या महामार्गांवर या बारांचे पेव फुटले. गिरण्या बंद पडल्या, तमाशाची थिएटरे ओस पडली आणि परंपरेने नाचणाऱ्या अनेक जमातींच्या मुली या बारांत दिसू लागल्या. २००५ साली राज्य शासनाने १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून खाद्यगृहे, परमिट रूम आणि बियर बार यांतील नाचावर बंदी घातली. बंदीची कारणे सांगितली गेली ती तरुण पिढीचा ऱ्हास, स्त्रियांचे शोषण आणि गुन्हेगारी ही. त्यांतील काही कारणे खोटी नव्हती. पण त्याच दुरुस्तीत पुढच्या कलमाने तारांकित हॉटेले आणि केवळ सभासदांना प्रवेश असलेले जिमखाने यांना सूट दिली होती.

श्रोत्यांनी ही सूट नीट पाहावी. नाच तोच, पण खुर्ची महाग असेल तर तो संस्कृती आणि स्वस्त असेल तर अनाचार, असा तिचा सरळ अर्थ होतो. रेल्वेच्या दारावर रंग पाहिला जाई, येथे खिसा पाहिला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ही दुरुस्ती रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. समानता आणि व्यवसायस्वातंत्र्य या दोन्ही हक्कांचा त्यात प्रश्न होता. त्यानंतर २०१६ साली शासनाने नवा कायदा केला. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील अनेक अटी काढून टाकल्या. खुशीने बक्षीस देण्यास मुभा ठेवली, पण अंगावर नोटा उधळण्यास मनाई कायम केली. दौलतजादेचा जुना वाद देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे जाऊन पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही.

पण २००५ पासून निकाल लागेपर्यंतची वर्षे कोणी भोगली? बारमालकांनी हॉटेलाचा दुसरा धंदा धरला. बघणारे दुसरीकडे गेले. काम गेले ते नाचणाऱ्यांचे. त्यांच्या रक्षणासाठी म्हणून केलेल्या कायद्याने पहिली रोजी त्यांचीच घेतली. खेर मंत्रिमंडळाच्या बंदीपासून या बंदीपर्यंत अर्धे शतक उलटून गेले. तरी दोन्ही वेळी दंड एकाच पायांना झाला.

आता समारोप. मावळच्या आसपासच्या या चार जागा एका ओळीत ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. फेरात आणि इन्स्टिट्यूटमध्ये नाचणारा व बघणारा एकाच घरचे होते. तेथे नाच हा समाजजीवनाचा भाग झाला आणि कोणाचे नाव खराब झाले नाही. थिएटरात आणि बारात नाचणारे एका बाजूला व बघणारे दुसऱ्या बाजूला बसले; मध्ये जात होती, पैसा होता आणि घरी न सांगता येण्यासारखी चोरटी आवड होती. तेथे आनंद सगळ्यांनी वाटून घेतला आणि लाज एकीवर टाकली. तेव्हा नाचाची जागा वाईट की चांगली, हे नाच पाहून ठरत नाही. आपण तेथे आपल्या घरच्यांसह उघडपणे बसू शकतो की नाही, यावर ते ठरते.

याचा पडताळा गेल्या काही दशकांत आलेला आहे. पुण्यामुंबईच्या नाट्यगृहांतून केवळ महिलांसाठी लावणीचे प्रयोग झाले आणि ते स्त्रियांनी भरून टाकले. ज्या लावणीला आमच्या आज्या-पणज्यांना जाणे शक्य नव्हते, तिला आज सासुरवाशिणी टाळ्या आणि शिट्ट्यासुद्धा देतात. बालपणी आईबरोबर रस्तोरस्ती गाऊन-नाचून पोट भरलेल्या वाईच्या यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली. बघणारा उजळ माथ्याने बसला की नाचणारीचाही माथा वर होतो.

लोणावळ्याकडे पाहिले तर येथे नाचाची वाण नाही. द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाल्यापासून शनिवार-रविवारी बंगल्याबंगल्यांतून आणि हॉटेलांच्या हिरवळींवर ठेके वाजत असतात. पण तो नाच पाहुण्यांचा आहे. लोणावळेकराच्या वाट्याला त्याचा आवाज आणि कचरा तेवढा येतो. दीडशे वर्षांपूर्वी इंजिनाच्या शाळेतला मावळी गडी जसा भिंतीबाहेर उभा होता, तसेच आपण आजही बरेचसे बाहेर उभे आहोत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गावाने वर्गणी काढून देऊळ बांधावे, शाळा बांधावी, तालीम बांधावी, तसे एक सभागृहही बांधावे, की ज्याची जमीन नाचण्याजोगी असेल, ज्याचे दार कोणालाही अडविणार नाही, आणि ज्यात मंगळागौरीचा फेर, कोळ्यांचा नाच, पोरांची लेझीम आणि नारायणगावचा फड ही सगळी पाळीपाळीने होतील. तेथे पहिली रांग बायकांची असावी. कलावंतांना कपडे बदलावयास बंदिस्त खोली असावी आणि त्यांचा मेहनताना खेळ सुरू होण्याआधी हातात पडावा. ही मागणी मोठी नाही. यात्रेच्या हिशेबात आपण दारूगोळ्यावर जो खर्च दाखवितो त्याच्याशी ताडून पाहावी.

आणि सभागृह होईतोपर्यंतही एक गोष्ट बिनखर्ची करता येण्यासारखी आहे. या वर्षीच्या यात्रेत तमाशा ठरेल तेव्हा कारभाऱ्यांनी गावाच्या जाहिरातीत देवाच्या आणि देणगीदारांच्या नावांखाली नाचणाऱ्या कलावंतांची नावेही छापावीत. भाज्याच्या शिल्पकाराने आपली नाचणारी दगडात अमर केली, पण तिचे नाव राहून गेले. ती उणीव निदान कागदावर तरी आपण भरून काढावी.